तडजोड मोडली तर नवा दावा नको, दरखास्त
तासगावच्या जमिनीच्या दाव्यात तडजोडीचा हुकूमनामा (कोर्टाचा निकालाचा आदेश) झाला, तरी चुलते खरेदीपत्र करून देत नाहीत. आता नवा दावा लावू का, असं एकानं विचारलंय. अजिबात नको, तो टिकणार नाही. त्याच कोर्टात दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून मागणारा अर्ज, लावा. दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 21 नियम 34 : दस्ताचा मसुदा तुम्ही जोडायचा, कोर्ट नोटीस काढून हरकती मागवतं, आणि चुलत्यांची सही झालीच नाही तर दस्त कोर्टामार्फत होतो. मात्र तुम्ही द्यायची रक्कम आधी कोर्टात भरा. घोळ बहुधा इथंच होतो; ‘तुम्हीच अट पाळली नाही’ म्हणायला समोरच्या वकिलाला आयतं सापडतं. मुदत 12 वर्षं, तीही तडजोडीत ठरलेली तारीख चुकल्यापासून. पुरसिसमधला (तडजोडीच्या अटी लिहून कोर्टात दिलेल्या कागदातला) गट नंबर, चतुःसीमा सातबारा आणि मोजणी नकाशाशी ताडून घ्या. आकडा चुकला असेल तर मूळ दाव्यात कलम 152 खाली दुरुस्ती, मगच दरखास्त.