मदत हवी आहे: आंब्याच्या धंद्याला आयफोन परवडेल की अँड्रॉइडच बरा?

नमस्कार मंडळी,
देवगडला आमची हापूसची कलमं आहेत. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर. यंदा ऐन एप्रिलात जुन्या अँड्रॉइडनं मान टाकली, चार्जिंगच्या पिनेवर हिरवा गंज. रिपेअरवाला म्हणाला, "खारी हवा, दुसरं काय!" घर खाडीला लागूनच, त्यामुळे पटलं.

पुण्याचा भाचा म्हणतो, "मामा, आयफोन घे, पाच-सहा वर्षं अपडेटची चिंता नाही." आयफोन १५ पासून त्यालाही टाईप-सीच आहे, म्हणजे घरातला चार्जर चालेल.

माझं घोडं अडलंय सिमवर. घरात बीएसएनएल लागतं, बागेत दुसरं. आयफोनात एकच सिम बसतं, दुसरं ई-सिम, म्हणजे फोनातच असलेलं, काढता न येणारं. आता फोन मेला की सिम काढून बायकोच्या फोनात घालतो. ई-सिम कुठून काढू?

उलट बोटांचं बघाल तर आयफोनच हवा. देठ मोडताना चीक उडतो, अंगठ्याची कातडी भाजून सोलते, मग मे सरेपर्यंत फिंगरप्रिंट मला ओळखतच नाही. चिकट हातानं दिवसभर पिन दाबत बसायचं. आयफोन तोंड बघून उघडतो म्हणे.

आणि जीबोर्डला (गूगलचा कीबोर्ड) मी मराठीत सांगतो, "पाच डझनी दोन पेट्या, उद्याच्या गाडीला," ते बरोबर उमटतं. आयफोनावर जमेल?

प्रतिसाद १
दादा, मी मालवणात आयफोनच वापरतो. तोंडाचं काम चोख. अँड्रॉइडही तोंडानं उघडतात, पण बहुतेकांत ते नुसत्या कॅमेऱ्यावर, बँकेची ॲपं त्याला जुमानत नाहीत. खाऱ्या हवेपुढे मात्र दोन्ही सारखेच. आयपी ६८ (पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा) ची चाचणी गोड्या पाण्यातली असते. पोर्ट ओलं असेल तर चार्जर लावूच नका.
एक महत्त्वाचं. गूगल ड्राइव्हवरचा व्हॉट्सॲप बॅकअप आयफोन उचलत नाही. २०२२ पासून 'मूव्ह टू आयओएस' या ॲपनं अँड्रॉइडवरून आयफोनवर चॅट नेता येतात, पण त्याला जुना फोन जिवंत लागतो. आधी त्याची चार्जिंगची पिन बदलून घ्या, नाहीतर गिऱ्हाइकांचे पत्ते गेले समजा.
मराठीत बोलून टाईप करायचं भाच्याच्याच फोनवर करून बघा, दुकानात नको.

धागाकर्ता
पिनेचं डोक्यातच नव्हतं, आभार. भाचा रविवारी येतोय. त्याच्या फोनात आमचं बीएसएनएल घालून बागेच्या वरच्या कुंपणापर्यंत चालून बघतो, मग सांगतो.