दारातला चपलांचा ढीग कसा आवरायचा?

जुळे सोलापुरात टू बीएचके, माणसं सहा. दारातच चपला, पोरांचे शाळेचे बूट, दोन हेल्मेट, रेनकोट, उन्हाचे स्कार्फ सगळं एकावर एक. रॅक ठेवला की दारच उघडंना. काय करावं?

>> भिंतीला ठोकायचं पुढं झुकणारं शू कॅबिनेट बघा, बूट उभे राहतात त्यामुळं ७ इंचात बसतं. पण प्रत्येकाची रोजची एकच जोडी खाली, बाकीच्या आत, नाहीतर कॅबिनेट पण भरतंय आणि ढीग पण तसाच.

>> रेनकोट ओला घडी घालू नका हो, बुरशी धरते. वाळवून माळ्यावर टाका, आपल्याकडं पाऊस असतोय किती! हेल्मेट खुंटीला. बुटात पेपर कोंबा, ओल ओढतो.

>> खुंट्या पोरांच्या हाताला येतील एवढ्याच उंचीवर मारा.

खुंट्या उद्याच मारतो. सासऱ्यांच्या चार जोड्यांचं मात्र तुम्हीच येऊन सांगा 😅