शंख वेगळा दिसला म्हणून लगेच नवीन प्रजाती?

कुमठ्याचा_पोरगा
मागच्या आठवड्यात पाऊस झाल्यावर मोहोळकडं मावशीच्या शेतात गेलो होतो, तिथं बांधावरच्या दगडाखाली एक बारकी गोगलगाय सापडली, सात-आठ मिलिमीटरची, शंख उंच निमुळता, फिकट तपकिरी अन् त्यावर एक पांढरी पट्टी. एमएस्सीच्या ग्रुपवर फोटो टाकला तर लगेच सगळे "नवीन प्रजाती, सोलापुरेन्सिस नाव ठेव" म्हणायलेत, एकजण तर पेपर लिहून देतो म्हणतोय.

माझं मत सांगतो, पटत नसेल तर भांडा. नुसत्या शंखावरून नवीन प्रजाती जाहीर करणं चूक आहे. एकाच जातीचा शंख खाण्यावर, ओलाव्यावर, मातीतल्या चुन्यावर बदलतो. आपल्याकडं काळ्या मातीत चुनखडीचे खडे पडलेत तिथं शंख जाड होतो, तीच गोगलगाय चुना कमी असलेल्या जागी पातळ शंखाची निघते. मग दोन नावं देणार का? आत उघडून प्रजननाचे अवयव बघायला पाहिजेत, जिभेवरची दातांची पट्टी म्हणजे रॅड्युला बघायला पाहिजे, जमलं तर डीएनए. तोपर्यंत गप्प बसावं.

जुनाशंख
पूर्ण असहमत. भारतातल्या जमिनीवरच्या गोगलगायींची हजारावर नावं आहेत अन् त्यातली बहुतेक शंख बघूनच दिलेली आहेत. बेन्सन, ब्लॅनफर्ड, मग गूड, या इंग्रजांच्या काळातल्या अभ्यासकांनी काय डीएनए सिक्वेन्सिंग केलं होतं? 'फौना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेतले मृदुकाय प्राण्यांचे (गोगलगायी त्यातच येतात) जुने खंड 1908, 1914 आणि 1921 चे, आजही कुठली गोगलगाय ओळखायची म्हटलं की आपण तेच उघडतो.

आणि नियम काय म्हणतो ते पण बघा. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत डीएनएची अट कुठंच नाही. दुसऱ्यांपासून वेगळेपण सांगणारं वर्णन पाहिजे, होलोटाईप म्हणजे नावाचा मालक असलेला एक नमुना ठरवायला पाहिजे अन् तो कुठल्या संग्रहात ठेवला ते लिहायला पाहिजे. तुमच्यासारखं थांबत बसलं तर जेसीबी येतो, बांध सपाट होतो अन् विषय संपतो. बऱ्याच जातींचे तर जिवंत नमुने कधी मिळतच नाहीत, रिकामे शंखच हाताला लागतात.

लॅबवाली_ताई
जुनाशंख सर, गॉडविन-ऑस्टेनचं नाव तुम्ही घेतलंच नाही, 1908 च्या खंडावर त्यांचं पण नाव आहे. तो माणूस त्या काळात गोगलगायी उघडून आतल्या अवयवांची चित्रं काढत होता, कारण एकसारखे गुळगुळीत चपटे शंख आत वेगवेगळे निघतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणजे शंख पुरत नाही ही तक्रार डीएनएच्या आधीची आहे. आपल्या आंबोलीचं उदाहरण घ्या, 2021 मध्ये वराडिया आंबोलिएन्सिस जाहीर झाली, अख्खा जीनसच, म्हणजे प्रजातीच्या वरचा गटच नवीन. ती अर्धी गोगलगाय, शंख इतका लहान की अंग आत मावत नाही. असल्या जीवाला नुसत्या शंखावर कसं ओळखणार?

पण कुमठेकर, तुमचं "गप्प बसावं" हे पण मला मान्य नाही. आधी एक सांगा, हे शंखीचं पिल्लू नाही ना? म्हणजे ती मोठी आफ्रिकन गोगलगाय. अंड्यातून निघालेलं पिल्लू चार-पाच मिलिमीटरचं असतं अन् त्याचा पण शंख तपकिरी. लेन्सनी तोंड बघा, आतला मधला दांडा खाली कापल्यासारखा तुटका असेल तर शंखीचं पिल्लू असू शकतं, नावबिव एवढ्यात नको.

कुमठ्याचा_पोरगा
ते पहिलं बघितलं ताई. दांडा तुटका नाही, सरळ खाली जातो. साडेसहा वेढे आहेत अन् तोंडाची कड जाड होऊन बाहेर वळलीय, म्हणजे वाढ पूर्ण झालेली. कड वळायच्या आधीचा शंख घेऊन नाव दिलं तर पिल्लालाच प्रजाती केल्यासारखं होतं, म्हणून तर ओरडतोय.

बार्शीचा_शेतकरी
तुम्ही वेढे मोजत बसा. 2022 ला लातूर, बीड, धाराशिवकडं सोयाबीन उगवून वर येतंय तोवर गोगलगायींनी खाऊन साफ केलं, लोकांनी दोनदा-तीनदा पेरलं. आम्ही रात्री बॅटरी घेऊन वेचायचो अन् मिठाच्या पाण्यात टाकायचो, बायकापोरं सगळी. बियाण्याचा खर्च कोण देतं? त्यात तुम्हाला अजून एक गोगलगाय पाहिजे अन् तिला सोलापूरचं नाव पाहिजे. मला तर सगळ्या सारख्याच.

माळरान_नान्नज
दादा, तुमचं नुकसान खरं आहे, त्यावर वाद नाही. पण सगळ्या सारख्या म्हटलं की काय होतं ते ऐका. ही शंखी आपली नाहीच, पूर्व आफ्रिकेतली, बेन्सननीच 1847 ला मॉरिशसवरनं कलकत्त्यात आणून बागेत सोडली असं नोंदलंय. वर ज्याचं नाव घेतलंय तोच बेन्सन. ती तशीच पॅसिफिकच्या बेटांवर पण गेली, तिथं मोरेआ बेटावर 1977 ला तिला खायला म्हणून दुसरी शिकारी गोगलगाय सोडली, रोझी वुल्फस्नेल. तिनं शंखी राहू दिली अन् तिथल्या मूळच्या पार्टुला नावाच्या गोगलगायी खाल्ल्या. दहा वर्षांत मोरेआच्या जंगलातनं पार्टुला जवळपास सगळ्या गेल्या, थोड्या प्राणिसंग्रहालयात पाळून वाचवल्या. कुठली गेली अन् कुठली वाचली हे कळलं कारण त्यांना आधी नावं होती. तुमच्या बांधावरची बारकी पालापाचोळा खाणारी असेल तर तिचा सोयाबीनशी संबंध नाही, पण गोगलगायी मारायच्या विषारी गोळ्या दोघींना सारख्याच लागतात.

अक्कलकोटकर_ताई
मला एवढंच विचारायचंय, नाव द्यायला जीव घ्यावाच लागतो का? फोटो काढून सोडून दिलं तर?

लॅबवाली_ताई
फोटोवर प्रजनन अवयव दिसत नाहीत ताई. काठोकाठ भरलेल्या बाटलीत पाण्यात ठेवायची, हवा राहू द्यायची नाही, म्हणजे ती बाहेर ताणून मरते, मग सत्तर टक्के अल्कोहोल. पायाचा तुकडा डीएनएसाठी पंचाण्णव टक्क्यात. मलाही दर वेळी जड जातं, म्हणून वाढ झालेल्या दोन-तीनच घ्या, बाकी रिकामे शंख वेचा. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावू नका. नवीन निघालीच तर जैवविविधता कायद्याखाली सरकारमान्य संग्रहात नमुना द्यावा लागतो, झेडएसआय म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं केंद्र पुण्यात आकुर्डीलाच आहे.

जुनाशंख
अवयव बघा, मी कुठं नाही म्हणतोय. पण दहा वेगवेगळ्या बांधांवरचे शंख मोजून, फरक कायम राहतोय दाखवून कोणी वर्णन छापलं तर ते मी चूक मानणार नाही. चुकलं तर पुढचा सुधारेल, सगळ्यात जुनं नाव टिकतं, बाकीची बाद होतात.

कुमठ्याचा_पोरगा
बाद करायला कोणाचे तरी पाच वर्ष जातात सर. दहा बांधांचं मात्र पटलं, मोहोळपासून बार्शीपर्यंत बघतो.

बार्शीचा_शेतकरी
त्या दांड्याचा फोटो टाका, तुटका कसा दिसतो अन् सरळ कसा, आमच्याकडं काय आहे बघतो. गुरुवारी गोळ्या टाकायच्या आहेत. बांध सोडून आतच टाकीन, तुम्ही बुधवारच्या आत येऊन जा. पण पिकात शिरल्या तर मी कुणाचं ऐकणार नाय.