व्हायरल लोड ‘नॉट डिटेक्टेड’, मग डॉक्टर हृदयाच्या मागे का लागलेत?

गिअरबॉक्सवाला:
नमस्कार मंडळी. वय 48, ट्रकचं गॅरेज आहे. एचआयव्हीच्या गोळ्या 2009 पासून चालू. तेव्हा सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) 118 होता, आता 640. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, कित्येक वर्षं ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’. परवा एआरटी सेंटरला, म्हणजे या गोळ्या मिळतात तिथे, नव्या डॉक्टरीणबाईंनी कोलेस्टेरॉल करायला सांगितलं, तंबाखूवरून झापलं, वर म्हणाल्या, “तुमच्या अंगात बारीक सूज कायम असते, हृदयाला जपा.” मला तर कुठंच सूज नाही! विषाणू रक्तात सापडतच नाही, मग सूज आणतंय कोण? का हा गोळ्यांचाच प्रताप? तसं असेल तर थोडे दिवस बंद करून बघू का?

जुना_लॅबवाला:
दादा, बंद अजिबात करू नका. तो प्रयोग जगाने करून पाहिलाय. ‘स्मार्ट’ नावाच्या चाचणीत 33 देशांतले जवळपास साडेपाच हजार लोक होते. निम्म्यांच्या गोळ्या अखंड चालू ठेवल्या. उरलेल्यांच्या सीडी फोर 350 च्या वर गेला की बंद आणि 250 च्या खाली उतरला की पुन्हा चालू. हेतू चांगला होता, औषधांचा त्रास वाचावा. पण बंद-चालूच्या गटात मृत्यूही जास्त झाले आणि हृदयाचे आजारही. 2006 मध्ये ते मध्येच थांबवावं लागलं.

आता सूज. ती पाय सुजतात तशी नव्हे. प्रतिकारशक्तीच्या पेशी सतत चिडलेल्या राहतात आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्याची झळ बसते, तिथे चरबीचे थर लवकर जमतात.

मी नोकरीभर सीडी फोरच्या मशीनवर बसलो, म्हणजे आयुष्यभर दंडातलं रक्तच बघितलं. पण सीडी फोर ज्यांत मोडतात त्या शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी रक्तात असतात जेमतेम 2 टक्के. खरी पडझड आतड्यात होते, तीही लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत, माणसाला पत्ता लागायच्या आत. आतड्याच्या अस्तराची राखण करणाऱ्या ‘टीएच 17’ जातीच्या सीडी फोर पेशी तिथे झपाट्याने मरतात. मग कुंपण पडलेल्या शेतात गुरं शिरावीत तसे आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडे रक्तात शिरतात आणि मोनोसाइट, मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. गोळ्यांनी विषाणूची वाढ थांबते, रक्तातला सीडी फोर चढतो, पण आतड्याची डागडुजी बहुतेकांत पूर्ण होत नाही. तुमची सुरुवातच 118 वर झाली, म्हणजे तोवर बरंच नुकसान होऊन गेलेलं.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार विलक्षण वाटते. सीडी फोर पेशी मरतात त्या विषाणूने पोखरल्यामुळे, असंच आम्ही समजत होतो. 2014 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेत वॉर्नर ग्रीन यांच्या गटाने टॉन्सिलच्या पेशींवर काम करून दाखवलं की लसिकाग्रंथीत मरणाऱ्या बहुसंख्य पेशींत विषाणूचा संसार धड लागलेलाच नसतो. तो आत येतो, अर्धवट अडकतो. पेशीला त्याच्या डीएनएचा तुकडा जाणवतो आणि ती स्वतःलाच फोडून घेते, ‘पायरोप्टोसिस’ म्हणतात याला. फुटताना सूज वाढवणारी रसायनं बाहेर सांडतात, त्या हाकेला आणखी सीडी फोर पेशी धावून येतात आणि त्याही तशाच मरतात. गोळ्या चालू असताना हे चक्र जवळजवळ थांबतं. बंद केल्या की लपून बसलेल्या पेशींतून विषाणू पुन्हा उठतो. बघा, करायचं का बंद?

शेवग्याचा_पाला:
एवढं लांबलचक कशाला? हळद नि गुळवेलाचा काढा, सूज गायब.

जुना_लॅबवाला:
जेवणात हळद घाला की, कोण नको म्हणतंय! काढा घ्यायचा तर आधी सेंटरच्या डॉक्टरांना विचारा. गोळ्यांच्या जागी तर नाहीच नाही.

औषधांच्या_काउंटरवरून:
दादा, डॉक्टरीणबाई बरोबर आहेत. 2023 मध्ये ‘रिप्रीव्ह’ चाचणीचा निकाल आला. एचआयव्हीच्या गोळ्या घेणारे, 40 ते 75 वयाचे, हृदयविकाराचा धोका फार नसलेले 7,769 लोक होते, आपल्या देशातलेही. रोज पिटाव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी ‘स्टॅटिन’ जातीची गोळी) घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वगैरे मोठे प्रसंग 35 टक्क्यांनी कमी झाले. तुमचं वय त्यात बसतं, तेव्हा स्टॅटिनचं विचारून घ्या. पण परस्पर दुकानातून घेऊ नका. पहिल्या गोळ्या लागू न पडल्याने सेकंड लाइनवर गेलेल्यांच्या रिटोनाविर या औषधाबरोबर काही स्टॅटिन चालत नाहीत, सिमव्हास्टॅटिन तर मुळीच नाही. आणि तंबाखू सोडाच.

गिअरबॉक्सवाला:
सगळ्यांचे आभार. गोळ्या बंद करत नाही. कोलेस्टेरॉल सोमवारी करतो. तंबाखूचं बघू. माझी टीएलडी (एचआयव्हीच्या तीन औषधांची एकच गोळी) आहे, रात्री घेतो. जेवणानंतर ॲसिडिटीचं गुलाबी औषधही पितो, ते चालतं ना?

औषधांच्या_काउंटरवरून:
बरं झालं विचारलंत! त्यातल्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियममुळे टीएलडीतलं डोलुटेग्राविर अंगी नीट लागत नाही. टीएलडी त्या औषधाच्या 2 तास आधी घ्या, नाहीतर 6 तासांनंतर. आणि पुढच्या खेपेला ती बाटली सेंटरला घेऊन जा, बाईंना दाखवा.