‘मॉर्गेज’ देतं कोण, घेतं कोण? मंजुरीपत्रातल्या शब्दाबद्दल प्रश्न

घोडबंदर_४०० क
होम लोनच्या मंजुरीपत्रात कर्जदाराला ‘मॉर्गेजर’ आणि बँकेला ‘मॉर्गेजी’ म्हटलंय. हे उलटं नाही का? मॉर्गेज देणारी तर बँक असते. शिवाय ‘इक्विटेबल मॉर्गेज’ म्हणजे नेमकं काय? स्पेलिंगमधला टी उच्चारात कुठे जातो? आणि मराठीत याला गहाण म्हणायचं की तारण?

शब्दमूळ
उलटं काही नाही. बँक देते ते कर्ज. त्या बदल्यात घरावरचा हक्क बँकेकडे गहाण ठेवता तुम्ही, म्हणजे मॉर्गेज देणारे तुम्हीच. ‘ओआर’वाला देणारा, ‘ईई’वाला ज्याला मिळतं तो. लेसर-लेसी (भाडेपट्ट्याने देणारा-घेणारा), चेकवरचा पेयी, सगळीकडे हाच हिशोब. मॉर्गेजरमध्ये जी नंतर ओ असूनही उच्चार ‘ज’च करायचा, ‘ग’ नाही.

शब्द जुन्या फ्रेंचमधला. ‘मॉर’ म्हणजे मेलेलं (आपला ‘मृत’ याच कुळातला) आणि ‘गेज’ म्हणजे हमी म्हणून ठेवलेली वस्तू. इंग्रजीत तो १४ व्या शतकाच्या अखेरीस आला तेव्हा लिहितानाही टी नव्हता. लॅटिन मूळ दिसावं म्हणून तो मागाहून लेखनात घातला, बोलणारे मात्र जुनाच उच्चार करत राहिले.

पण ‘मेलेलं’ का? एडवर्ड कोक या कायदेपंडितांनी १६२८ मध्ये दिलेला अर्थ असा: पैसे फेडले नाहीत तर जमीन ऋणकोला मेली, फेडले तर गहाण सावकाराला मेलं. मला त्याहून जुना, १२ व्या शतकातला अर्थ जास्त पटतो. गहाण जमिनीचं उत्पन्न कर्जातून वळतं होत असेल तर ते ‘जिवंत’ गहाण. उत्पन्न सावकार खातो आणि मुद्दल जागचं हलत नाही, ते ‘मेलेलं’.

‘गेज’ची भावंडंही ओळखीची आहेत: एंगेज आणि वेज, म्हणजे मजुरी. उत्तरेकडच्या फ्रेंचमध्ये ‘व’ राहिला, मध्य भागात त्याचा ‘ग’ झाला. वॉरंटी आणि गॅरंटी ही अशीच जोडी.

दस्त_नोंदणी
गहाण ही क्रिया, तारण ही वस्तू. फ्लॅट गहाण ठेवला की तो कर्जाचं तारण होतो. कायद्याच्या इंग्रजीत मॉर्गेज फक्त स्थावर मिळकतीचं होतं. सोनं ‘प्लेज’ होतं. गाडी तुमच्याच ताब्यात राहून ‘हायपोथिकेट’ होते, त्याला सहकारी बँकांत नजरगहाण म्हणतात. म्हणून ‘दागिने मॉर्गेज केले’ हे बोलण्यात चालेल, कागदावर नको.

‘इक्विटेबल’चा इथे समानतेशी संबंध नाही. इंग्लंडमध्ये इक्विटीची, म्हणजे न्यायबुद्धीला धरून निवाडा करणारी, वेगळी न्यायालयं होती. गहाणखत न करता मूळ कागद हमी म्हणून नुसते हवाली केले, तरी ती न्यायालयं ते गहाण मानत, तिथून हे नाव आलं. आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये गहाणाचे सहा प्रकार आहेत. त्यांतला ‘मूळ दस्तऐवज ठेवून केलेलं गहाण’ तो हाच.

आता मॉर्गेजर कोण हे का महत्त्वाचं ते बघा. महाराष्ट्रात असं गहाण केल्यापासून ३० दिवसांत ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ (गहाण झाल्याची सूचना) नोंदणी कार्यालयात दाखल करावी लागते आणि ती जबाबदारी कायद्याने मॉर्गेजरवर आहे. व्यवहारात बँकेमार्फत ऑनलाइन होते, पण पावती मागून घ्या. नावाचं स्पेलिंग, फ्लॅट नंबर आणि करारनाम्याचा दस्त क्रमांक इंडेक्स टूशी (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) ताडून पाहा. दस्त क्रमांकात एक आकडा चुकला तरी बोजा (गहाणाची नोंद) दुसऱ्याच दस्तावर दिसतो.

बेलापूर_सेक्टर
बँकेत ‘मॉर्गेज लोन पाहिजे’ म्हणालात तर समोरचा वेगळंच समजेल. आपल्याकडे त्याचा अर्थ आधीपासून मालकीच्या घरावर काढलेलं कर्ज, म्हणजे लोन अगेन्स्ट प्रॉपर्टी. त्याचा व्याजदर सहसा होम लोनपेक्षा जास्त असतो. अमेरिकेत घर घ्यायच्या कर्जालाच मॉर्गेज म्हणतात, तिथले व्हिडिओ पाहून हा घोळ होतो. घर घ्यायचं असेल तर सरळ ‘होम लोन’ म्हणा.

नवी मुंबईत फ्लॅट बघणाऱ्यांसाठी: सिडकोची जमीन भाडेपट्ट्यावर असते, त्यामुळे बँक सिडकोची मॉर्गेज एनओसी मागते. सोसायटीची एनओसी वेगळी. एकीवर दुसरीचं काम भागत नाही.

घोडबंदर_४०० क
मनापासून आभार, खूप उलगडा झाला. पत्रात शेवटी ‘फोरक्लोजर चार्जेस’ आहेत. म्हणजे घर जप्त करायचा खर्च?

दस्त_नोंदणी
नाही, घाबरू नका. कायद्यात फोरक्लोजर म्हणजे गहाण सोडवण्याचा हक्क कोर्टाकडून कायमचा संपवणं. भारतीय बँकांच्या भाषेत मात्र मुदतीआधी सगळं कर्ज फेडून खातं बंद करणं. एकच शब्द, अर्थ जवळजवळ विरुद्ध. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक होम लोनवर रिझर्व्ह बँकेने हा आकार २०१२ पासून बंद केलाय, तेव्हा तुमचा दर फ्लोटिंग आहे का ते आधी बघा.

खातं बंद झाल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कागद हातात आल्यावर सरसाई (गहाणांची केंद्रीय नोंदवही) नोंदणीतला बोजा उतरला का तेही तपासा. तो राहिला तर पुढच्या खरेदीदाराची बँक तिथेच अडवते.