चंदीगडची खुर्ची घरात हवी, तर जुनी की नवी घडवलेली?

रंधा:
सागवान, विणलेला वेत आणि उलट्या व्ही आकाराचे पाय. चंदीगडची ही खुर्ची हल्ली घर सजवणाऱ्या प्रत्येकाला हवी असते. माझं मत स्पष्ट आहे: जुनी विकत घेऊ नये, नवी घडवून घ्यावी आणि रोज वापरावी. स्विस वास्तुविशारद पिएर जान्नरे १९५१ ते १९६५ चंदीगडमध्ये राहिला. ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाने आखलेल्या या नव्या शहरातल्या कचेऱ्या, कोर्ट, ग्रंथालयं आणि वसतिगृहांसाठी त्याने आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी हे फर्निचर आखलं. स्थानिक सुतारांना जमेल आणि सरकारी खर्चात बसेल असं. आज परदेशी लिलावांत त्याला लाखांत बोली लागते. कारकुनासाठी केलेली खुर्ची काचेआड ठेवायची, हे मला पटत नाही.

जुनाबाजार:
ठाम असहमत. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून हेच फर्निचर कचेऱ्यांनी भंगार म्हणून लिलावात काढलं. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी ते उचललं नसतं, तर त्यातलं बरंचसं चुलीत गेलं असतं. त्यांनी नफा कमावला हे खरं, पण किंमत आल्यावरच आपल्याकडे जाग आली. हा वारसा विकू नये असा केंद्रीय गृहमंत्रालयाचा आदेश २०११ चा आहे, म्हणजे बराच माल देशाबाहेर गेल्यावरचा. माझ्याकडे एक जुनी खुर्ची आहे. तिचे हात वापराने गुळगुळीत झालेत, सांध्यांवर हत्याराच्या खुणा दिसतात. नव्या खुर्चीत हे कुठून आणणार?

रंधा:
त्या खुणांबद्दल मलाही आदर आहे, म्हणून तर आज काम करणाऱ्या सुताराला काम मिळावं असं म्हणतो. शिवाय हे फर्निचर एकाच कारखान्यात झालं नाही, वेगवेगळ्या कार्यशाळांत झालं. मापं थोडी इकडे-तिकडे, पायाचा उतार वेगळा. मग अस्सल कुठली ते पाठीवर रंगवलेल्या सरकारी खात्याच्या अक्षरांवरून ठरवायचं? ती अक्षरं आजही कुणीही रंगवू शकतो.

अन्वया:
रंधा, एक भर घालते. आपल्याकडे डिझाइनची नोंदणी २००० च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त १५ वर्षं टिकते, त्यामुळे नवी खुर्ची घडवणं म्हणजे चोरी नव्हे. नवी खुर्ची 'जुनी' म्हणून विकणं मात्र फसवणूकच. आणि सगळं श्रेय जान्नरेला देऊ नका. वास्तुविशारद उर्मिला यूली चौधरी त्याच संघात होत्या, फर्निचरच्या कामात त्यांचा हात होता. लिलावाच्या यादीत एकच युरोपियन नाव मोठ्या अक्षरांत येतं, याचा मला मनापासून राग आहे.

कोकणओल:
जुनी-नवी राहू द्या, पावसाळ्यात सांभाळणार कशी ते बोला. रत्नागिरीत आमच्याकडे वेताला बुरशी धरते. बैठक खाली लोंबली की खालच्या बाजूने ओल्या फडक्याने वेत भिजवून सावलीत वाळवावा, बऱ्यापैकी ताणला जातो. तुटलेल्या पट्ट्या मात्र पुन्हा विणाव्याच लागतात आणि विणणारा कारागीर आता सहज सापडत नाही. तो आधी शोधा, खुर्ची नंतर घ्या.

जुनाबाजार:
हे पटलं, वेत मीही नव्याने विणवून घेतलाय. पण लाकूड घासून चकचकीत करू नका. जुन्या फर्निचरची सर्वांत जास्त नासाडी हौशी पॉलिशवाल्यांनी केली आहे.

रंधा:
म्हणजे तुमच्या खुर्चीची बैठक आजच्या कारागिराच्या हातची आहे, आणि तरी ती तुम्हाला अस्सल वाटते. मग बैठकीला जे चालतं, ते पायांना आणि हातांना का चालू नये?

जुनाबाजार:
कारण वेत झिजतो, तो बदलायचा असतो हे घडवणाऱ्यालाही माहीत होतं. सागवानी सांगाडा टिकावा म्हणूनच केला होता. तो टाकून नवा का करायचा?