मदत हवी आहे: दारू सुटतानाची लक्षणं मराठीत कशी विचारायची?

बी.एस्सी. नर्सिंगला मानसिक आरोग्य शिकवते. दारू सोडलेल्या रुग्णाची लक्षणं मोजायला विद्यार्थिनींना सीवा-एआर स्केल (१० बाबी, कमाल ६७ गुण) वॉर्डात वापरायला देते. थरथर, घाम त्या बघून नोंदवतात. अडतं ते विचारण्यात. ‘भास होतात का?’ म्हटलं की रुग्ण दुखावतो, ‘मी वेडा नाही’ म्हणतो आणि गुण शून्य पडतो. दोन-तीन दिवसांत डिलिरियमचा (अचानक तीव्र गोंधळ, भ्रम होण्याचा) धोका असताना ही चूक फार महाग पडते.

शब्दशः भाषांतर आणि रोल-प्ले करून पाहिलं. ‘अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटतं का?’ हे जमलं. ऑडिट प्रश्नावली नकोय, ती दारूची समस्या आहे का हे ओळखायच्या स्क्रीनिंगची. रुग्ण बहुतेक ग्रामीण, मूळ गुणांकन बदलता येणार नाही.

व्यसनमुक्ती वॉर्डातल्या सिस्टर-ब्रदरनो, दिसण्या-ऐकण्याच्या भासांबद्दल तुम्ही नेमकं कोणत्या शब्दांत विचारता?